पन्हळीचा आधार : मोटारीच्या टपावरील ओझ्याचा इतिहास

मोटारीच्या छपरावर, म्हणजे मराठीत ज्याला टप म्हणतात त्या भागावर, सामानाची पेटी किंवा सायकल नेण्याची आजची रीत दोन आडव्या दांड्यांवर उभी आहे. छपराच्या रुंदीभर पसरलेल्या या दांड्या चार पायांनी गाडीला धरून राहतात आणि वर जे काही चढते ते या दांड्यांनाच जखडले जाते. या साधनाचा इतिहास पाहू लागताच लक्ष पेटीकडे आणि ती बनवणाऱ्यांच्या नावांकडे जाते, परंतु त्याची खरी वळणे ठरवली ती छपराच्या कडेने. दांड्यांच्या पायांनी गाडीला नेमके कोठे धरायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला, आणि त्याचे सर्वांत टिकाऊ उत्तर मुळात ओझ्यासाठी नव्हे, तर पावसाच्या पाण्यासाठी शोधलेले होते.

टपावर ओझे लादणे मोटारीपेक्षा जुने आहे. इंग्लंडमध्ये टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत धावणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या छपरावर ट्रंका आणि गाठोडी तर असतच, पण कमी भाड्याचे उतारूही बसत. त्यामुळे गाडीचा भार वर सरके आणि वळणावर किंवा खड्ड्यात ती कलंडण्याचा धोका वाढे. १७८८ मध्ये तेथील संसदेने कायदा करून छपरावर सहापेक्षा अधिक आणि गाडीवानाशेजारी दोनपेक्षा अधिक माणसे बसवण्यास मनाई केली. आज मोटारीच्या माहितीपुस्तिकेत टपावरील वजनाची जी मर्यादा छापलेली असते, तिच्यामागील विचार या जुन्या कायद्यामागील विचाराहून वेगळा नाही : वजन किती, याइतकेच ते किती उंचावर आहे, यालाही महत्त्व असते.

मोटार आली तेव्हा मात्र ही परंपरा काही दशके खंडित झाली, कारण सुरुवातीच्या बहुतेक गाड्या उघड्या होत्या आणि त्यांच्यावरची दुमडती कनात ओझे पेलण्याजोगी नव्हती. पुढे बंद गाड्या रूढ झाल्या तरी त्यांच्या छपराचा मधला भाग लाकडी चौकटीवर ताणून बसवलेल्या जाड, जलरोधक कापडाचा असे. अख्ख्या छपराला पुरेल एवढ्या रुंदीचा पोलादी पत्रा तेव्हा सहज मिळत नव्हता. साहजिकच सामान खाली राहिले. दाराखालच्या लांब पायरीवर घडीचा कठडा लावून त्यामागे बॅगा रचल्या जात, किंवा गाडीच्या पाठीमागे चौकट बसवून तिच्यावर खरीखुरी ट्रंक पट्ट्यांनी बांधली जाई. अमेरिकेत मोटारीच्या मागच्या कप्प्याला आजही ट्रंक म्हणतात ते यामुळेच. मराठीतील डिक्की हा शब्दही याच घराण्यातला असून, घोडागाडीच्या आणि नंतर जुन्या मोटारीच्या मागच्या जादा बैठकीच्या इंग्रजी नावावरून तो आपल्याकडे आला. जनरल मोटर्सने १९३५ च्या आपल्या गाड्यांत एकाच पत्र्यातून दाबून काढलेले पोलादी छप्पर आणले आणि इतर उत्पादकांनीही लवकरच तो मार्ग धरला. टपाला पुन्हा ओझे पेलता येऊ लागले ते तेव्हापासून.

पोलादी छपरासोबत पन्हळही पक्की झाली. छपराचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे भेटतात तेथे दोन्हींच्या कडा बाहेर वळवून एकमेकींवर ठेवीत आणि ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग करून जोडत. हीच कड किंचित वर उचलली की दारांच्या डोक्यावर एक अरुंद नाली तयार होई, जी पावसाचे पाणी दार उघडणाऱ्याच्या अंगावर न पडू देता पुढे-मागे वाहून नेई. कौलारू घराच्या वळचणीला लावलेल्या पन्हळीचेच हे छोटे रूप. पत्र्याचे थर एकत्र जोडलेले असल्याने गाडीच्या वरच्या अंगातील ही कड अतिशय कणखर असे, आणि कॅरिअर बनवणाऱ्यांनी ते अचूक हेरले. कॅरिअरचे पाय पन्हळीत टेकवायचे, खालून आकडा घालायचा आणि नट आवळायचा, एवढ्यावर काम भागे. गाडीला भोक पाडावे लागत नसे आणि पन्हळ जवळजवळ प्रत्येक गाडीला असल्याने एकच कॅरिअर थोड्याफार फरकाने कोणत्याही गाडीवर बसे. महायुद्धानंतरच्या युरोपात फोक्सवॅगनची बीटल, सिट्रोएनची २ सीव्ही, १९५५ ची फियाट ६०० अशा लहान गाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे सुटीला निघू लागली, आणि आतली अपुरी जागा या साध्या कॅरिअरने भरून काढली.

मुंबईकरांना या व्यवस्थेची सर्वांत जवळची ओळख झाली ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. तिच्या पन्हळीवर आकड्यांनी बसवलेले लोखंडी कॅरिअर हे टॅक्सीचे जणू अंगच होऊन गेले, कारण बोरीबंदरला किंवा दादरला उतरणारा लांबचा प्रवासी वळकटी, ट्रंक आणि पिशव्या घेऊन येई व ते सारे डिक्कीत मावणे शक्य नसे. पुढे शहरातील प्रदूषण आटोक्यात आणण्यासाठी टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूवर, चालवल्या जाऊ लागल्या आणि त्या वायूची जाडजूड टाकी डिक्कीत बसली; तेव्हा कॅरिअर ही सोय न राहता गरज झाली. टॅक्सीच्या टपावरील सामानाचे हे कारण लक्षात घेण्याजोगे आहे, कारण ते छपरावर नव्हे तर गाडीच्या पोटात घडलेल्या बदलातून आलेले आहे.

एसटीचा टप ही याच्या शेजारची, पण वेगळी परंपरा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या या सेवेच्या गाड्यांवर पुढील अनेक दशके मागे शिडी आणि वर कठड्याचे कॅरिअर असे. ते गाडीच्या सांगाड्यालाच कायमचे जोडलेले असल्याने पन्हळीचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. मात्र आंब्याच्या पेट्या, धान्याची पोती आणि सायकली टपावर चढवून दोराने करकचून बांधण्याचे जे कसब हमालांनी कमावले, त्याची मराठी मुलखातील वाहतुकीच्या इतिहासाने पुरेशी दखल घेतलेली नाही. उतारू ज्या क्रमाने उतरणार त्याच्या उलट क्रमाने माल रचणे आणि वजन दोन्ही बाजूंना सारखे राखणे, हे हिशेब हमाल कागदाशिवाय करीत.

कॅरिअरच्या पाटाऐवजी केवळ दोन दांड्या आणि त्यांच्यावर गरजेनुसार बदलती जोडसाधने, ही कल्पना मात्र बर्फाच्या आणि नद्यांच्या प्रदेशांत वाढली. स्वीडनमधील एरिक थुलिन यांनी १९४२ मध्ये थुले हे नाव घेतले ते मासेमारांसाठी बनवलेल्या सापळ्याकरिता. मोटारीवर स्की वाहून नेण्याचे साधन त्यांच्या कंपनीने १९६२ मध्ये आणले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात याकिमा नावाच्या गावी १९७३ मध्ये सुरू झालेली त्याच नावाची कंपनी आधी कयाक या अरुंद होडीचे सुटे भाग बनवीत असे आणि होडी नदीपर्यंत न्यायची कशी, या प्रश्नातून ती टपाकडे वळली. स्की आणि होडी या दोन्ही वस्तू लांब, हलक्या आणि गाडीच्या आत न मावणाऱ्या आहेत. त्यांना पाटाची नव्हे, दोन ठिकाणी मिळणाऱ्या पक्क्या आधाराची गरज असते, आणि आडव्या दांड्यांची रचना त्या गरजेतून आलेली आहे.

सायकलीचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. टूर द फ्रान्स या शर्यतीच्या आरंभीच्या काळात स्पर्धकाला बाहेरची मदत घेण्यास मनाई होती. १९१३ मध्ये टूरमाले घाटाच्या उतारावर सायकलीचा पुढचा फोर्क, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानात ज्याला चिमटा म्हणतात तो भाग, मोडल्यावर यूजेन क्रिस्टोफ यांना ती सायकल घेऊन कित्येक किलोमीटर चालत खालचे गाव गाठावे लागले. तेथील लोहाराच्या भट्टीवर त्यांनी फोर्क स्वतः जोडला, आणि भाता एका मुलाने चालवला म्हणून त्यांना वेळेचा दंडही झाला. नियम सैल झाल्यावर संघांच्या मोटारींच्या टपावर राखीव सायकली दिसू लागल्या. १९७३ पासून या शर्यतीत माव्हिक कंपनीच्या पिवळ्या गाड्या कोणत्याही संघाच्या स्पर्धकाला चाक किंवा सायकल पुरवू लागल्या, आणि टपावर ओळीने उभ्या सायकली हे त्या शर्यतीचे एक ओळखचिन्ह बनले. येथे तुलिओ कांपान्योलो यांच्या १९३० च्या सुमाराच्या शोधाचा मोठा उपयोग झाला. चाकाच्या पोकळ आसातून आरपार जाणाऱ्या दांडीला त्यांनी लहानसा खटका बसवला, ज्यामुळे पान्याशिवाय चाक काढता येऊ लागले. पुढे पुढचे चाक काढून फोर्क थेट दांडीवरील तशाच खटक्यात अडकवणारे स्टँड निघाले. कार्बन तंतूंच्या सायकली आल्यावर त्यांचा सांगाडा स्टँडच्या पकडीत आवळणे धोक्याचे ठरले आणि केवळ चाकाला धरून ठेवणारे स्टँड पुढे आले.

या साऱ्या व्यवस्थेच्या पायाखालची जमीन सरकली ती १९८० च्या दशकात. सत्तरच्या दशकातील तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी गाडीचा वाऱ्याला होणारा अडथळा कमी करण्याची चढाओढ लागली. १९८२ च्या आउडी १०० मध्ये काचा पत्र्याच्या सलग पातळीत आणून अडथळ्याचा गुणांक ०.३० पर्यंत उतरवण्यात आला आणि १९८५ च्या अखेरीस आलेल्या फोर्ड टॉरसची दारे थेट छपरात वळवलेली होती. वाऱ्यात घुसणारी आणि सुसाट वेगात आवाज करणारी पन्हळ या नव्या शरीरात नकोशी झाली. ती आत ओढली गेली, छपराच्या सांध्यात बुजली आणि अनेक गाड्यांत काळ्या पट्टीखालची एक उथळ चर म्हणून उरली. तिच्याबरोबर सर्व गाड्यांना चालणारे कॅरिअरही गेले.

नवा उपाय होता दाराच्या चौकटीचा. पाय रबरी गादीवर छपराच्या कडेला टेकवायचा आणि वाकवलेली पोलादी पट्टी दाराच्या वरच्या फटीत अडकवून ताणायची; परंतु प्रत्येक मॉडेलची कड वेगळी वळत असल्याने प्रत्येकासाठी वेगळी पट्टी आणि वेगळी गादी करावी लागली, आणि कोणत्या गाडीला कोणती जोडणी व दोन दांड्यांत किती अंतर, हे सांगणाऱ्या जाडजूड याद्या विक्रेत्यांच्या टेबलावर आल्या. काही उत्पादकांनी छपरावर लांबीच्या दिशेने कायमचे कठडे दिले, तर काहींनी झाकणाखाली आटे पाडलेली छिद्रे ठेवली. एके काळी गावातल्या कोणत्याही वेल्डरला करता येणारे काम अशा रीतीने मापांच्या कोष्टकांच्या स्वाधीन झाले, आणि यात सुरक्षितता वाढली तरी कारागिराचा हात सुटला, ही हानी लहान मानता येत नाही.

दांडीचा आकारही वाऱ्यानेच बदलला. चौकोनी किंवा गोल दांडीच्या मागे हवेचे भोवरे एकदा वर, एकदा खाली असे नियमित सुटत जातात आणि तारा वाऱ्यात गुणगुणतात त्याच कारणाने दांडी शीळ घालू लागते. अनुभवी चालक तिच्याभोवती तिरकी दोरी गुंडाळून हे भोवरे मोडीत. विमानाच्या पंखासारख्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांनी तो आवाज पुष्कळ कमी केला, आणि त्यांच्या वरच्या खाचेत पेटीचे किंवा स्टँडचे बोल्ट सरकवता येऊ लागले. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढून बनवलेल्या आजच्या पेट्या साधारण ३०० ते ६०० लिटरच्या असतात. मात्र अनेक गाड्यांच्या टपाची मर्यादा ७५ किलोच्या आसपास असून तीत दांड्या आणि रिकामी पेटी यांचेही वजन धरायचे असते, म्हणून पेटी आकाराने मोठी असली तरी ती अंथरूण-पांघरूण आणि कपडे यांच्यासाठीच योग्य ठरते.

मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तिच्या जागी आलेल्या गाड्यांना ती जुनी उघडी पन्हळ नाही. ग्रामीण महाराष्ट्रात, जेथे जीपगाड्यांच्या वडाप वाहतुकीने एसटीच्या टपाचे पुष्कळसे ओझे उचलले, तेथे मात्र महिंद्राच्या बोलेरोसारख्या उभट, ताठ कडांच्या गाड्यांत ती टिकून राहिली. तालुक्याच्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पाइप कापून केलेले कॅरिअर तिच्या पन्हळीत पाय टेकवते आणि खालून आकडा घालून त्याचा नट आवळला जातो.