ठाणे-कल्याणच्या खाडीवरील पूल आणि त्यांचा पैसा

डोंबिवली पश्चिमेच्या मोठागाव रेतीबंदरावर उभे राहिले की समोर उल्हास नदीची खाडी दिसते. पलीकडचा काठ भिवंडी तालुक्याचा, माणकोलीचा. मुंबई-नाशिक महामार्ग तिथून हाकेच्या अंतरावर. तरीही २०२४ पर्यंत डोंबिवलीकराला मोटारीने त्या महामार्गावर पोचायचे असेल तर एकतर कल्याणच्या दुर्गाडी पुलापर्यंत वर जावे लागे, नाहीतर शिळफाटा-मुंब्रा असा खालून वळसा घ्यावा लागे. लाखोंच्या वस्तीचे शहर आणि देशातील एक प्रमुख महामार्ग यांच्यामध्ये केवळ एक खाडी, आणि तिच्यावर पूल नाही. हे असे का झाले, याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात कमी आणि हिशेबाच्या वह्यांत अधिक सापडते. हा धागा त्या वह्यांचा.

प्रारंभ भूगोलापासून करावा लागेल. उल्हास नदी कल्याणहून पश्चिमेला वाहत ठाण्यापाशी येते. तिथे पाण्याच्या दोन वाटा होतात : एक दक्षिणेकडे ठाणे खाडी, दुसरी घोडबंदरमार्गे वसईकडे. ठाण्याहून पूर्वेला जाणाऱ्याने म्हणून पहिला निर्णय करायचा तो हा, की कोणते पाणी ओलांडायचे. दक्षिणेकडचे ओलांडले तर कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण हा उल्हासचा डावा काठ मिळतो. उत्तरेकडचे ओलांडले तर भिवंडी.

जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याने भिवंडीचा काठ निवडला. एकोणिसाव्या शतकात ठाण्याहून कोलशेतच्या तरीने उल्हास ओलांडून हा रस्ता भिवंडीकडे आणि पुढे थळ घाटाकडे जाई. रेल्वेने मात्र कल्याणचा काठ निवडला. लोहमार्ग आणि महामार्ग ठाण्यातच एकमेकांपासून फुटले, ते असे. कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला आगगाडी आली, भिवंडीच्या वाट्याला महामार्ग. पुढच्या दीडशे वर्षांत डोंबिवली नोकरदारांची झाली आणि भिवंडी यंत्रमागांची व गोदामांची झाली, यामागे हा फाटा किती मोठा आहे, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

आता पैशाकडे वळू. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्यातले कळीचे कलम म्हणजे भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी. रेल्वेला तोटा झाला तरी लंडनमधल्या भागधारकाला पाच टक्के मिळणारच, आणि तूट भरून निघणार ती हिंदुस्थानच्या महसुलातून. या हमीवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तच होती. दादाभाई नौरोजींपासूनच्या राष्ट्रीय अर्थचिंतनात या निर्धोक नफ्याचा उल्लेख वारंवार येतो. पण त्या हमीमुळे पैसा अडला नाही, हेही खरे. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, आणि १ मे १८५४ रोजी, जेमतेम वर्षभराने, कल्याणला पोचली. मधल्या टप्प्यात ठाणे खाडीवरचा पूल होता आणि पारसिकच्या डोंगरातले दोन छोटे बोगदे होते. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या कौशल्याइतकेच श्रेय त्या पाच टक्क्यांनाही द्यावे लागेल.

रस्त्याला असा वाली नव्हता. रस्त्यावरून भागधारकाला लाभांश मिळत नाही, म्हणून रस्त्यासाठी पैसा तीनच मार्गांनी येई : टोल, दान किंवा उपकर.

टोलचे उदाहरण जवळचेच. मुंबई बेटाला साष्टीशी जोडणारा शीवचा बांध गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात झाला, आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घेतला जाई. ठाण्याकडून मुंबईत शिरताना पैसे मोजण्याची प्रथा म्हणजे दोनशे वर्षांहून जुनी आहे. दानाचे उदाहरण माहीमचे. सरकार पैसा देईना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की या पुलावर टोल घेऊ नये. १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. या बाईंना सार्वजनिक वित्ताचे मर्म नेमके कळले होते, असे म्हणायला हरकत नाही; बांधकामाचा खर्च एकदाच होतो, वसुलीला मात्र शेवट नसतो.

ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांना अवाबाई मिळाल्या नाहीत. तिथे आला तो उपकर. १८६९ च्या स्थानिक निधी कायद्याने जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली. त्यातून रस्ते आणि शाळा चालवायच्या. तरींच्या मक्त्याचे उत्पन्नही याच निधीत जमा होई. इथे एक विसंगती होती. ज्या तरीवर पूल बांधायचा, त्या तरीचा मक्ता हेच पूल बांधणाऱ्या निधीचे उत्पन्न. पूल झाला की तर बंद, तर बंद की मक्ता बंद. म्हणून १८७५ मध्ये रस्ते व पूल यांवरील टोलचा कायदा आला. तरीऐवजी नाका उभारायची सोय झाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणच्या वाहतुकीत पडलेली महत्त्वाची भर म्हणजे १९१४ चा पत्रीपूल. ठाकुर्ली आणि कल्याण या स्थानकांच्या मध्ये लोहमार्गांवरून जाणारा हा लोखंडी पूल. त्या काळी त्यावरून जाणारी वाहने मोजायला फार मोठी वही लागली नसती. पण १९४२ नंतर कल्याणजवळ लष्करी छावणी झाली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडले. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने डोंबिवलीत कारखाने आणले. वस्ती शतपटीने वाढली, पूल तेवढाच राहिला.

वाढलेल्या शहराची तिजोरी कुणाकडे, हा पुढचा प्रश्न. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. अंबरनाथ १९९२ मध्ये बाहेर पडले. आसपासची २७ गावे १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. एखाद्या रस्त्याची आखणी विकास आराखड्यात व्हावी आणि तो ज्या गावातून जायचा ते गावच हद्दीबाहेर जावे, अशा स्थितीत भूसंपादन कसे चालले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

उत्पन्नाचीही तीच गत. महापालिकांचा मोठा आधार जकात होता. ती गेली आणि स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याकडून मिळणारे भरपाई अनुदान तेवढे उरले. नोकरदारांच्या शहराला मालमत्ता करातून पगार, पाणी आणि कचरा भागवता येतो. खाडीवर पूल बांधता येत नाही.

हे काम म्हणून दोन सरकारी संस्थांकडे गेले, आणि त्यांच्या पैशाच्या वाटा अगदी निराळ्या आहेत.

पहिली, १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ. तिची रीत अशी : आधी रोखे काढून कर्ज उभारायचे, बांधायचे, मग टोलने फेडायचे. मुंबईतले पन्नासहून अधिक उड्डाणपूल या रीतीने झाले, आणि त्यांच्या वसुलीसाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर नाके आले : दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन. उड्डाणपूल बहुतांश मुंबईत, नाके मात्र ठाण्याच्या उंबऱ्यावर. जो मुंबईकर शहराच्या आतच फिरतो तो पूल फुकट वापरतो, आणि जो ठाणेकर रोज कामाला जातो तो पैसे भरतो. २०१० मध्ये वसुलीचा हक्क एका खासगी कंपनीला १६ वर्षांसाठी देऊन सुमारे २,१०० कोटी रुपये आगाऊ घेण्यात आले. भविष्यातील ठाणेकरांचे टोल महामंडळाने अशा रीतीने आजच वटवून घेतले, म्हणूनच नंतर नाके बंद करा म्हणणाऱ्यांना भरपाईचा आकडा दाखवला जाई. अखेर विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, हलक्या वाहनांना सूट मिळाली.

दुसरी संस्था, १९७५ मध्ये स्थापन झालेले मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. हिच्याकडे टोल नव्हता, जमीन होती. मिठी नदीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, आणि तिथले भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन मिळालेले अधिमूल्य ही प्राधिकरणाची खरी खाण ठरली. डोंबिवलीच्या खाडीवरील पुलाचे मूळ शोधत गेल्यास ते असे वांद्र्यातील एखाद्या बँकेच्या मुख्यालयापाशी सापडेल. ही रीत ठाणे-कल्याणला मानवणारी, कारण पैसा वापरणाऱ्याच्या खिशातून जात नाही. तिचा दोष निराळा आहे. कोणता पूल आधी, हे ठरवणारी संस्था मतदारांनी निवडलेली नसते, आणि यादीत पुढे सरकण्यासाठी शहराला राजकीय वजन लागते.

याशिवाय रेल्वेचे गणित स्वतंत्र. फाटकावरून चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची एकके यांचा गुणाकार एक लाखाच्या वर गेला, तर उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मानिम्मा वाटून घेतात, असा संकेत आहे. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे पोचरस्ते स्थानिक संस्थेचे. कागदावर ही विभागणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात एका बाजूचा पैसा आधी येतो आणि दुसऱ्या बाजूची जमीन नंतर. दिव्याच्या फाटकापाशी रोज खोळंबणाऱ्या लोकलमधल्या प्रवाशाला हे निराळे समजावून सांगायला नको.

या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा २०१८ मध्ये झाली. ३ जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला, सर्वत्र पुलांची तपासणी सुरू झाली, आणि १०४ वर्षांचा पत्रीपूल धोकादायक ठरला. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी, रेल्वे वाहतूक काही तास थांबवून, तो उतरवला गेला. पाडायला एक रविवार पुरला. नवा उभा राहायला मात्र सव्वादोन वर्षे लागली. सुमारे ७६ मीटर लांब आणि ७०० टनांच्या आसपास वजनाची तुळई रुळांवर सरकवण्याचे काम नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले. २५ जानेवारी २०२१ रोजी पूल खुला झाला आणि त्याला तिसाई देवीचे नाव देण्याचे जाहीर झाले. लोक अजून पत्रीपूलच म्हणतात. दरम्यान, सप्टेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूलही धोकादायक म्हणून बंद झाला, तो उघडला ७ सप्टेंबर २०२१ रोजी. म्हणजे जवळजवळ १६ महिने दोन्ही शहरांचे दोन मुख्य पूल एकाच वेळी बंद होते. त्या काळात पत्रीपुलाशेजारच्या अरुंद पुलावर तासन्‌तास अडकलेल्या रुग्णवाहिका आणि शाळेच्या बसगाड्या कल्याणकरांच्या आठवणीत आहेत. नागरिकांची आंदोलने झाली. वेळापत्रक काही त्यामुळे हलले नाही.

मोठागाव-माणकोली पूल याच सुमारास बांधला जात होता. सहापदरी, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, प्राधिकरणाच्या पैशाने. काम २०१६ मध्ये सुरू झाले, मुदत तीन वर्षांची होती. पाण्यातले खांब तुलनेने लवकर उभे राहिले. रखडले ते दोन्ही काठांवरचे पोचरस्ते. खाडी सरकारची असते, काठ शेतकऱ्याचा असतो. भिवंडीच्या बाजूला गोदामांमुळे जमिनीचे भाव चढलेले, आणि कल्याण-शिळ रस्त्याच्या रुंदीकरणात मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना किती झगडावे लागले, हे त्या पट्ट्यातील प्रत्येकाला ठाऊक. रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क देण्याची तरतूद नगररचना कायद्यात आहे. पण ज्याने इमारत बांधायची नाही त्याच्या हातात तो कागद काय कामाचा, असा त्याचा सवाल असतो.

अखेर २०२४ मध्ये, सोहळ्याशिवाय, या पुलावरून वाहने धावू लागली. डोंबिवलीहून ठाणे जवळ आले. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा १७० वर्षे झाली होती. आता ऐरोली-काटई उन्नत मार्गासाठी पारसिकच्या डोंगरात पुन्हा बोगदा खोदला गेला आहे, तोही प्राधिकरणाच्याच पैशाने.

माणकोली पूल सुरू झाला त्या दिवसांत डोंबिवलीच्या बाजूने तिकडे जाणाऱ्या वाहनांना मात्र आधी थांबावे लागे. पुलाच्या अलीकडे मोठागावला दिवा-वसई लोहमार्ग आडवा जातो, आणि तिथे उड्डाणपूल नव्हता, फाटक होते. मालगाडी येण्याची वेळ झाली की ते पडायचे, आणि नव्याकोऱ्या सहापदरी पुलाकडे जाणारी रांग मागे रेतीबंदराच्या रस्त्यावर लांबत जायची.