सोन्याचा पॅगोडा, कर्जातलं शेत

ब्रह्मदेश म्हटलं की आपल्या वस्तीतल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. १९५४ साली बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आणि देहूरोडच्या विहारातली बुद्धमूर्ती तिकडून आली, ती बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ रोजी बसवली. जाणत्या कार्यकर्त्याला तिसरी गोष्टही माहीत असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाच्या आराकान भागातले. म्हणजे आपल्या धम्माची नाळ कुठंतरी त्या मातीशी जुळलेली आहे.

आणि म्हणूनच आपल्या पोरांना सभेत हमखास एक प्रश्न विचारला जातो. तुमचा धम्म समतेचा ना? मग हा बौद्ध देश एवढा कंगाल का? तिथं माणसं का जाळली गेली? आपली पोरं एकतर गप्प होतात, नाहीतर विचारणाऱ्यावर तुटून पडतात. दोन्हीनं उत्तर होत नाही. उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास मूर्तीपासून सुरू होत नाही. तो शेतापासून सुरू होतो.

१. भाताचं कोठार, भुकेला धनी

इंग्रजांनी १८५२ च्या लढाईत खालचा ब्रह्मदेश गिळला. १८८५ ला मंडाले घेतलं, थिबा राजाला बोटीत घालून आधी मद्रासला आणि मग आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ ला तो तिथंच मेला. थिबा पॅलेस बघायला सहली जातात, पण राजा काढून इंग्रजांनी त्याच्या देशात काय पेरलं ते कुणी सांगत नाही.

त्यांनी भात पेरलं. पेरलं म्हणजे पेरायला लावलं. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला, युरोपची बाजारपेठ जवळ आली. इरावतीच्या मुखाशी दलदल आणि जंगल होतं. वरच्या कोरडवाहू मुलखातून शेतकरी खाली आला, तिवरं तोडली, बांध घातले, हिवतापानं मेला आणि उरला त्यानं शेत केलं. १८५० च्या दशकात आठेक लाख एकरांवर असलेलं भात १९३० च्या दशकात ऐंशी लाख एकरांच्या वर गेलं. वर्षाला तीसेक लाख टन तांदूळ बाहेर जाऊ लागला. जगात सगळ्यात जास्त तांदूळ विकणारा देश ब्रह्मदेश.

पण जंगल तोडताना बैल लागतो, बी लागतं, पीक येईस्तोवर पोटाला लागतं. पैसा कुणाकडं? तामिळनाडूतल्या चेट्टिनाडचा चेट्टियार सावकार गावोगाव पेढी टाकून बसला होता. त्याच्या मागं इंग्रजांच्या बँका. शेत गहाण, पीक गहाण. भाव बरा होता तोवर रेटलं. १९३० ला जागतिक मंदी आली आणि भाताचा भाव निम्म्याच्या आसपास आला. कर्ज मात्र तेवढंच राहिलं. १९३० साली खालच्या ब्रह्मदेशातल्या मुख्य भात जिल्ह्यांत चेट्टियारांच्या नावावर सहा टक्के जमीन होती. १९३७ पर्यंत ती पंचवीस टक्के झाली. इतर बिगरशेतकरी मालक धरले तर निम्म्याच्या आसपास जमीन कसणाऱ्याच्या हातून गेली होती. ज्याच्या बापानं जंगल तोडलं तो त्याच शेतात कूळ झाला, नाहीतर मजूर.

डोईपट्टीत सूट मागितली, सरकारनं नाकारली. डिसेंबर १९३० ला थारावडी जिल्ह्यात साया सान नावाचा वैदू, एकेकाळचा भिक्षू, उभा राहिला. शेतकऱ्यांनी अंगावर मंत्राचं गोंदण केलं, गोळी लागणार नाही म्हणून. गोळी लागली. १९३१ च्या नोव्हेंबरात साया सानला फाशी दिलं. त्या गोंदणाला हसणारे पुष्कळ आहेत. पण ज्याच्याकडं बंदूक नाही, वकील नाही, सातबारा नाही, तो अंगावर दुसरं काय घालणार?

२. रंगूनचा हमाल

याच काळात रंगून बंदरात पोती कुणी वाहिली? आंध्रच्या किनाऱ्यावरचे तेलुगू मजूर. त्यांच्यात अस्पृश्य जातींचे अनेक. मुकादम गावात जायचा, उचल द्यायचा, बोटीत भरायचा. उचल फिटेस्तोवर माणूस मुकादमाचा. आपल्याकडं ऊसतोड मजुराला ही रीत समजावून सांगायला नको. १९३१ च्या शिरगणतीत रंगून शहरात निम्म्याहून जास्त वस्ती हिंदी माणसांची होती. शहर ब्रह्मी माणसाचं, पण शहरात तोच उपरा.

मे १९३० मध्ये तेलुगू गोदी कामगारांनी संप केला. ठेकेदारांनी संप मोडायला ब्रह्मी मजूर आणले. संप मिटला तसा ब्रह्मी मजुरांना हाकललं आणि जुने परत घेतले. दोन्हीकडचे गरीब एकमेकांवर तुटून पडले. शंभराहून जास्त माणसं मेली, बहुतेक तेलुगू मजूर. ठेकेदाराच्या अंगावर ओरखडा आला नाही.

इथं थांबून विचार करा दोस्तहो. ब्रह्मी शेतकऱ्याचा राग सावकारावर होता आणि तो खरा होता. पण त्याला दिसलं ते कातडं. पेढीवरचा चेट्टियार आणि बोटीतून उतरलेला हमाल त्यानं एकाच पोत्यात घातले: हिंदी. १९४२ ला जपानी आले तेव्हा सुमारे पाच लाख हिंदी माणसं तिथून पळाली. जंगल, डोंगर, चिखल तुडवत पायी निघालेल्यांत हजारो वाटेवर मेले. पैसेवाल्याला बोटीचं, विमानाचं तिकीट मिळालं. पायी मेला तो हमालच. वर्गाचा राग वंशाकडं वळला की तो कुणाच्या मानेवर पडतो, ते या वाटेवर दिसलं. पुढं हेच पुन्हा दिसणार होतं.

३. बुद्धाचे गुलाम

म्हणजे इंग्रज यायच्या आधी सगळं चांगलं होतं का? नव्हतं.

ब्रह्मदेशात आपल्यासारखी चातुर्वर्ण्याची उतरंड नाही हे खरं. पण तिथं पॅगोड्याचे गुलाम होते. राजा किंवा धनवान माणूस पुण्य जोडायला पॅगोड्याला जमीन द्यायचा तशी माणसंही द्यायचा. झाडलोट, दुरुस्ती, दिवाबत्ती त्यांच्याकडं. आणि हे पिढीजात. बाप गुलाम म्हणून पोरगा गुलाम, पोरीची पोरंही गुलाम. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत नाही. बखरी सांगतात की पगानच्या अनोरथा राजानं थातोनच्या मनुहा राजाला जिंकून कुटुंबासकट श्वेझिगोन पॅगोड्याला वाहून टाकलं. मढी पुरणारी माणसं वेगळी, गावाबाहेरची. त्यांना नाव काय? संदाला. म्हणजे आपला चांडाळ! ब्राह्मणी शब्द पालीच्या पोथीतून समुद्र ओलांडून गेला आणि तिथं माणसाच्या कपाळावर बसला.

इंग्रजी अमलात कायद्यानं गुलामी गेली. डाग गेला नाही. पॅगोड्याच्या गुलामाची पोरं गाव बदलून, कूळ लपवून जगत राहिली. महारवतन काय असतं हे ज्याच्या घरात ठाऊक आहे, त्याला यातलं सगळं कळतं. ज्या बुद्धानं सुनीत भंग्याला संघात घेतलं, त्याच्याच देवळाला माणूस दान दिला गेला. हे धम्मानं केलं नाही. धम्माचा मुकुट घातलेल्या राजानं केलं.

४. स्वातंत्र्य आलं, भाव आला नाही

१९ जुलै १९४७ ला आंग सान आणि त्याच्या सहकाऱ्यांना भर बैठकीत गोळ्या घातल्या. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला तो बापाशिवाय. त्याच वर्षी जमीन राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. चेट्टियाराची जमीन कसणाऱ्याला द्यायची. पण यादवी माजली होती, कम्युनिस्ट आणि करेन बंड करून उठले होते. अंमल पन्नाशीच्या मध्यात कुठं सुरू झाला आणि १९५८ ला थांबला. ठरवलेल्यातली थोडीच जमीन वाटली गेली.

दुसरीकडं सरकारी मंडळानं भात खरेदी हातात घेतली. कोरियाच्या युद्धात तांदळाचा भाव जगात भडकला, शेतकऱ्याला मिळाला ठरलेलाच. मधला पैसा सरकारनं ठेवला. त्यातून कारखाने, रस्ते, योजना. योजना राजधानीत आखल्या, घाम मात्र भाताच्या बांधावरचा.

पंतप्रधान ऊ नू मोठा श्रद्धाळू माणूस. १९५४ ते १९५६ रंगूनला सहावी संगीती भरवली, त्यासाठी डोंगरासारखी गुहा बांधली. १९६१ ला त्यानं बौद्ध धर्म राजधर्म केला. काचिन लोकांत ख्रिस्ती पुष्कळ, त्यांच्या असंतोषात आणखी तेल पडलं. सरहद्दीवरच्या जमातींना १९४७ च्या पांगलाँग करारात बरोबरीचा शब्द दिला होता. बरोबरीच्या जागी त्यांना राजधर्म मिळाला.

५. लष्कराचा समाजवाद

२ मार्च १९६२ ला जनरल ने विननं सत्ता घेतली. जुलैत रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या आणि विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगानं उडवली. नाव दिलं, समाजवादाचा ब्रह्मी मार्ग. बँका, गिरण्या, पुढं दुकानंसुद्धा सरकारजमा. लाखो हिंदी माणसं पुन्हा देशाबाहेर. १९६५ ला शेताचा खंड रद्द केला. ऐकायला झकास. पण जमिनीचा मालक आता सरकार, काय पेरायचं ते सरकार सांगणार, आणि भाताची लेव्ही सरकार घेणार, बाजारापेक्षा कितीतरी कमी भावात. जमीनदार गेला आणि वर्दीवाला जमीनदार आला. शेतकऱ्यानं भात दडवलं, काळ्या बाजारात घातलं. तांदळाच्या कोठारात १९६७ ला तांदळाची टंचाई झाली, आणि लोकांचा राग वळवला गेला चिन्यांवर. रंगूनला चिनी वस्तीवर दंगल. १९३० चंच नाटक, पात्रं बदललेली.

मग नोटा. १९६४ ला रद्द, १९८५ ला रद्द. ५ सप्टेंबर १९८७ ला २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका फटक्यात रद्द, बदल्यात एक पैसा नाही. नव्या नोटा काढल्या ४५ आणि ९० च्या, नऊनं भाग जाणाऱ्या, कारण नऊ हा आकडा जनरलला शुभ! शेतकऱ्यानं गाडग्यात ठेवलेला पैसा रद्दी झाला. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी या देशाला अतिमागास देशांच्या यादीत टाकलं. ८ ऑगस्ट १९८८ ला सगळा देश रस्त्यावर आला. लष्करानं हजारोंना मारलं. १९९० च्या निवडणुकीत लोकांनी लोकशाही लीगला ४८५ पैकी ३९२ जागा दिल्या, लष्करानं निकाल गुंडाळून ठेवला.

समाजवादाची पाटी उतरली, पण खुर्ची तीच. आता लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या: बँक, खाण, बिअर सगळं. २ मे २००८ च्या नर्गिस वादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, तीही त्याच भाताच्या मुलखात. आठवड्यानं सरकारनं काय केलं? घटनेवर मतदान घेतलं, लष्कराला संसदेत पंचवीस टक्के जागा देणाऱ्या घटनेवर. २०१२ च्या कायद्यांनी कागद नसलेल्या शेतकऱ्याची जमीन पडीक ठरवून कंपनीला द्यायची सोय झाली. काचिन राज्यात फाकांतला जगातला उंची जेड दगड निघतो. २ जुलै २०२० ला खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर कोसळला आणि त्यात दगड वेचणारे दीडशेहून जास्त गरीब गाडले गेले. भंगार वेचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

६. पालथं भिक्षापात्र

मग भिक्षू कुठं होते? दोन्हीकडं होते.

२००७ ला इंधनाचे भाव चढले, लोक उपाशी, तेव्हा हजारो भिक्षू रस्त्यावर उतरले आणि त्यांनी पात्र पालथं केलं. विनयात त्याला पत्तनिक्कुज्जन म्हणतात. लष्करातल्या माणसाचं दान घ्यायचं नाही. १९९० लाही मंडालेच्या भिक्षूंनी हेच केलं होतं. जनरल लोकांना पॅगोड्यावर सोन्याचा पत्रा चढवून पुण्य घ्यायचं होतं. भिक्षूंनी सांगितलं, तुझं पुण्य आम्हाला नको. दोन्ही वेळा विहारांवर छापे पडले, भिक्षूंना तुरुंगात टाकलं.

आणि दुसरीकडं विराथूसारखे भिक्षू, मुसलमानाच्या दुकानात जाऊ नका म्हणून चिथावणारे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानं रोहिंग्यांना आधीच परकं करून ठेवलं होतं. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या जळती गावं सोडून बांगलादेशात पळाले. कुठून? आराकानातून. चंद्रमणी महास्थविरांच्या आराकानातून. आणि निवडून आलेल्या आंग सान सू ची २०१९ ला हेगच्या न्यायालयात आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. त्याच लष्करानं १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनाही आत टाकलं. त्या एका वर्षात देशाची अर्थव्यवस्था अठरा टक्क्यांच्या आसपास आकसली. डॉक्टर, मास्तर, रेल्वे कामगार कामावर बहिष्कार टाकून उभे राहिले. रस्त्यावरच्या कितीतरी तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. स्वतःच्या छातीवर बंदूक आली तेव्हा त्यांना शेजाऱ्याची छाती दिसली.

७. आपण काय घ्यायचं

१९४७ साली बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' लिहिलं. जमीन राज्याची, शेती गावकऱ्यांनी गटानं करायची, जात-धर्म न बघता, जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. आणि हे सगळं घटनेत लिहायचं, संसदीय लोकशाही ठेवून, हुकूमशहाच्या मर्जीवर न सोडता. ब्रह्मदेशानं यातलं अर्धंच केलं. जमीन राज्याची केली आणि राज्य बंदुकीचं केलं. लोकशाही नसली की राष्ट्रीयीकरण म्हणजे नवा सावकार, हे शेतकऱ्यानं लेव्हीच्या काट्यावर अनुभवलं.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या प्रस्तावनेत बाबासाहेब विचारतात, भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की समाजाचा सेवक? ब्रह्मदेशानं दोन्ही उत्तरं दाखवली. पात्र पालथं करणाऱ्यात धम्म होता. सोन्याच्या पत्र्यात नव्हता, गाव जाळायला चिथावणाऱ्या प्रवचनात तर नव्हताच.

म्हणून पुढच्या सभेत कुणी विचारलं, बौद्ध देश असून असं का, तर सरळ सांगा. देश बौद्ध होऊन भागत नाही. शेत कुणाचं, भाव कोण ठरवतं, बंदूक कुणाचं ऐकते आणि शेजारचा परका कोण ठरवला जातो, हे चार सवाल सुटल्याशिवाय विहारावर कितीही सोनं चढवा, खालचा माणूस गुलामच राहतो. आणि उत्तर देऊन झालं की हेच चार सवाल आपल्या गावात, आपल्या विहाराच्या कमिटीत आणि आपल्या शेजारच्या मोहल्ल्याबद्दल स्वतःला विचारा.

जयभीम.