महाराष्ट्रातील नृत्यवर्गाची घडण

ठरलेला वार, ठरलेली वेळ, महिन्याची फी, वयोगटानुसार पाडलेल्या तुकड्या आणि वर्षाअखेरीस परीक्षा, ही शास्त्रीय नृत्याच्या वर्गाची रचना महाराष्ट्रात साधारणपणे 1940 नंतर रुळली. त्याआधी नृत्य शिकण्याचे रस्ते होते, पण ते बहुतेकांना बंद होते. कथकची विद्या लखनौ आणि जयपूरच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाई. बाहेरच्या शिष्याला गंडा बांधून घ्यावा लागे आणि मग गुरूच्या घरी राहून, त्याच्या मर्जीने, जे पदरात पडेल ते घ्यावे लागे. महाराष्ट्रातल्या लावणीचे शिक्षण तमाशाच्या फडात आणि संगीतबारीत, घरच्याच वडीलधाऱ्या बायकांकडून होई. मुरळी आणि देवदासी यांच्या प्रथेमुळे नाचणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची नजर कलुषित झाली होती. मुंबई प्रांतात 1934 साली देवदासी संरक्षण कायदा झाला, तेव्हाही पांढरपेशा घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधणे ही कल्पनाच असह्य मानली जाई.

मात्र नृत्याचे शिक्षण पायरीपायरीने रचण्याशी मराठी माणसांचा संबंध याहून जुना आहे आणि तो महाराष्ट्राबाहेर, तंजावरच्या मराठा राज्यात सापडतो. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. भरतनाट्यमचे अडवू, म्हणजे पायाभूत हालचाली, सोप्याकडून अवघडाकडे लावण्याचे आणि अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा प्रयोगक्रम घालून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आजही जगभरातल्या भरतनाट्यमच्या वर्गांत नवी मुलगी याच वाटेने पुढे जाते. खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. एका कथासूत्रात अनेक नृत्यप्रकार ओवणाऱ्या या रचना सरस्वती महाल ग्रंथालयात जपल्या गेल्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत त्यांचा अभ्यास करून त्या नृत्यात बसवल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर आणल्या. दीडशे वर्षे पोथीत राहिलेले मराठी साहित्य पुन्हा नाचले गेले, ही या इतिहासातली फार मोलाची घटना आहे.

घराण्याबाहेरच्या, सुशिक्षित मुलींसाठी संस्था काढण्याचा पहिला ठळक प्रयत्न मादाम मेनका यांचा. लीला सोखी हे त्यांचे नाव. लखनौ घराण्याच्या गुरूंकडून कथक शिकून त्यांनी स्वतःचा नृत्यसंच उभारला, युरोपचा दौरा केला आणि 1940 च्या सुमारास खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ सुरू केले. ही संस्था फार काळ टिकली नाही आणि 1947 मध्ये मेनकांचेही निधन झाले. पण एका छपराखाली वेगवेगळ्या शैलींचे गुरू नेमून त्यांच्याकडून शिकवून घेण्याची पद्धत इकडे प्रथम दिसली ती तिथे. दमयंती जोशी यांच्यासारख्या नर्तकी मेनकांच्याच हाताखाली तयार झाल्या. दरम्यान मुंबईत माटुंग्याच्या तमिळ वस्तीत 1945 साली ‘श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर’ स्थापन झाले. तंजावर परंपरेतल्या नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घराण्याने चालवलेल्या या संस्थेत मराठी आणि गुजराती घरांतल्या मुलीही शिकल्या.

पुण्यात रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये ‘नृत्यभारती’ काढली, तेव्हा त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या. आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम, मग जयपूर घराण्याचे सोहनलाल, पुढे लखनौचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर असे त्यांचे शिक्षण झाले. दोन घराण्यांचे संस्कार एका शरीरात मुरवायचे, तर प्रत्येक गोष्ट का करायची हे स्वतःला आधी पटवून द्यावे लागते. त्यांच्या शिकवण्याला धार आली ती यातून. मोहनराव स्वतः लखनौला, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या संगीत महाविद्यालयात शिकवत होते. तिथे बंदिशी लिहून ठेवण्याची आणि त्यांची चिकित्सा करण्याची शिस्त होती. त्यातूनच भातखंडे लिपीत तोडे, तुकडे, परणी मात्रा मोजून लिहिण्याची सवय पुण्याच्या वर्गात पक्की झाली.

या लिहिण्याने शिकवण्याचा पोतच बदलला. पूर्वी बोल कानाने घ्यायचे आणि विसरले तर गुरूची मर्जी सांभाळून पुन्हा मागायचे. आता विद्यार्थिनीच्या वहीत तीनतालाच्या सोळा मात्रांखाली ‘ता थेई थेई तत्’ मांडलेले असे, समेवर खूण असे, खाली कुठे आणि तिहाई कुठून उठते हे डोळ्यांना दिसे. तरीही वही हा पढंतीला पर्याय ठरत नाही. हाताने ताल देत, तोंडाने बोल म्हणत, ठाय, दुगुन, चौगुन केल्याशिवाय पायात लय बसत नाही. वही आणि पढंत दोन्ही एकाच वेळी चालवल्या, हे त्या पिढीच्या शिक्षकांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल. रोहिणीताईंनी नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’चा मराठीत अभ्यास मांडला आणि इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले, तेही याच वृत्तीने: नृत्य करणाऱ्या मुलीला त्याबद्दल बोलता आणि वाचता आले पाहिजे.

वर्ग वाढले तशी मोजमापाची गरज पडली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला स्थापलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतून त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. मंडळाच्या परीक्षांची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही उतरंड नृत्यालाही लागू झाली. तिचा फायदा उघड आहे. सोलापूरची मुलगी ठाण्याला गेली तरी नव्या बाईंना तिची पायरी कळते. तोटाही तितकाच खरा आहे. अनेक ठिकाणी वर्ष परीक्षेच्या तालांभोवती फिरू लागले आणि अभिनय, ठुमरी, नुसता थाट घेऊन उभे राहणे, मागे पडले. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यावर हा ताण आणखी वाढला. ज्यांनी परीक्षेच्या आधी आणि नंतर काही महिने मोकळे ठेवून बंदिशी शिकवल्या, त्यांच्याकडे विशारदनंतरही मुली टिकल्या.

विद्यापीठांनीही नृत्याला पदवी दिली. कनक रेळे यांच्या ‘नालंदा’ने मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे नृत्य महाविद्यालय चालवले आणि पुणे विद्यापीठात 1987 मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. तिथे गुरु-शिष्य परंपरेची चौकट विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बसवण्याचा प्रयत्न झाला. रोहिणीताईंचा या घडणीत वाटा होता.

वर्ग चालवण्याच्या व्यवहाराचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही, पण त्याने नृत्यावर खोल परिणाम केला. शहाबादी फरशी किंवा सिमेंटवर रोज तासभर तत्कार, म्हणजे पायांचा सराव, केल्याने टाचा आणि नडग्या दुखावतात. तरी बहुतेक वर्ग अशाच जमिनीवर भरले, कारण लाकडी जमीन परवडणारी नव्हती. सतरंजी घातली की पायाचा आवाज मरतो, म्हणून ती काढावी लागे. रोज तबलजी आणि लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून, धरणारा हार्मोनियमवाला ठेवणे मोजक्या संस्थांनाच जमले. बाकीच्यांनी आधी कॅसेट, मग इलेक्ट्रॉनिक तबला आणि आता मोबाइलवरचा लेहरा वापरला. यंत्राची लय हलत नाही, त्यामुळे सरावाला ते चांगले. पण नर्तकीकडे पाहून उपज ओळखणारा, तिहाई उचलणारा तबलजी समोर नसेल, तर कथकमधला संवाद मुलीला शिकायलाच मिळत नाही. जाणत्या शिक्षकांनी महिन्यातून काही तास तरी जिवंत साथ ठेवली, ती यासाठी.

2020 च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले आणि अमेरिकेतल्या, आखाती देशांतल्या मराठी घरांतल्या मुलीही पुण्या-मुंबईच्या शिक्षिकांकडे थेट शिकू लागल्या. आवाज उशिरा पोहोचत असल्याने शिक्षिकेच्या पढंतीबरोबर नाचणे अशक्य ठरले. मग विद्यार्थिनीने स्वतः पढंत करून नाचायचे, ते चित्रित करून पाठवायचे आणि शिक्षिकेने मात्रेचा हवाला देऊन चूक सांगायची, अशी रीत पडली. प्रत्यक्ष वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही कित्येक शिक्षिकांनी ही चित्रणाची पद्धत गृहपाठ म्हणून चालू ठेवली आहे.