सारथ्याचे आसन

कुरुक्षेत्रावरच्या रथाची चित्रे आपण लहानपणापासून पाहत आलो. त्यांत अर्जुन दिसतो, चार शुभ्र घोडे दिसतात, ध्वजावरचा मारुतीसुद्धा दिसतो. परंतु लगाम हाती धरून बसलेले भगवान नेमके कशावर बसले आहेत, हे रंगवण्याचे कष्ट फारसे कोणी चित्रकार घेत नाही. रथ ज्याचा, त्याची बैठक महत्त्वाची. हाकणाऱ्याचे काय, तो कुठेही टेकेल! मोटारगाडीच्या इतिहासातही हीच तऱ्हा आहे. इंजिनावर ग्रंथ आहेत, टायरवर आहेत, दिव्यांवरही आहेत. पण दिवसाचे दहा दहा तास जो माणूस ती गाडी हाकतो, त्याच्या बुडाखाली काय होते, हा प्रश्न कोणाच्या मनात सहसा येत नाही. निदान सीट फाटून आतली स्प्रिंग टोचेपर्यंत तरी येत नाही!

ज्याला आज आपण पिकअप म्हणतो, म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची बैठक आणि मागे मालाचा उघडा हौदा, ती गाडी कारखान्यातून तयार होऊन पहिल्यांदा १९२५ च्या एप्रिलात बाहेर पडली. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’वरच हा हौदा बसवलेला होता आणि किंमत होती २८१ डॉलर. ह्या गाडीची बैठक म्हणजे एक अजब चीज होती. पेट्रोलची १० गॅलनची टाकी होती ती थेट ह्या बैठकीखाली! पेट्रोल भरायचे म्हणजे चालकाने खाली उतरायचे, गादी उचलायची, झाकण काढायचे आणि आत किती शिल्लक आहे ते काठी बुडवून पाहायचे. पेट्रोल इंजिनाकडे जाई ते केवळ उतारामुळे, पंप नव्हताच. त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असली आणि चढ मोठा लागला की इंजिन उपाशी मरे. मग शहाणे चालक गाडी वळवून घेत आणि उलटी चालवत टेकडी चढत. शिवाय ह्या गाडीला चालकाच्या बाजूला उघडणारे दारच नव्हते. दार उजवीकडे, चक्र डावीकडे. चालकाने उजवीकडून शिरायचे आणि सगळ्या बैठकीवरून घसरत आपल्या जागी पोचायचे. दिवसातून दहा वेळा हे घसरणे आणि चार वेळा ती गादी उचलणे. ती बिचारी टिकणार तरी किती?

तरी हा चालक भाग्यवान म्हटला पाहिजे. १९१७ साली फोर्डने एक टनाचा ट्रक काढला, तो ६०० डॉलरांना मिळे, पण मिळे तो नुसता सांगाडा: चाके, इंजिन आणि चक्र. चालकाची खोली आणि आसन ज्याचे त्याने करून घ्यायचे. हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, पुढे कुर्ल्याला प्रीमियरमध्ये डॉज आणि फार्गो जुळू लागल्या, १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीझ येऊ लागल्या. पण ट्रकाच्या बाबतीत रीत तीच राहिली. कारखान्याने सांगाडा द्यायचा आणि गावातल्या बॉडी बांधणाऱ्याने लाकडी केबिन उभी करायची. माल किती मावेल ह्याचा विचार मालक आधी करी. चालकाच्या वाट्याला फळी येई, आणि फळीवर जे काही घालता येईल ते.

काय घालीत? इथेच खरी मौज आहे. घोडागाड्या बांधणारे जे कारागीर होते, तेच प्रथम मोटारीच्या बॉडी बांधू लागले आणि त्यांनी आपली जुनी विद्या बरोबर आणली. ती विद्या म्हणजे घोड्याचे केस. शेपटीचे आणि आयाळीचे केस घट्ट पिळून त्यांचा दोर करायचा, तो उकळायचा, वाळवायचा आणि मग सोडायचा. केसांना पीळ कायमचा बसतो आणि प्रत्येक केस एक चिमुकली स्प्रिंग होतो. त्याच्याखाली लोखंडी स्प्रिंगा असत. लंडनच्या सॅम्युअल प्रॅटने १८२८ साली अशा स्प्रिंगांच्या गादीचे पेटंट घेतले होते, म्हणजे ही कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी.

पण मोटारी हजारांनी आणि पुढे लाखांनी बनू लागल्यावर इतके घोडे आणायचे कोठून? विशेषतः मोटारीने घोड्यालाच घरी बसवल्यावर! तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका वनस्पतीकडे कारखानदारांची नजर गेली. लुइझियाना आणि फ्लॉरिडातल्या ओकवृक्षांवरून करड्या दाढ्यांसारखी लोंबणारी ही वनस्पती. तिला म्हणतात स्पॅनिश मॉस. आणि ती स्पेनची नाही, मॉस म्हणजे शेवाळही नाही, तर अननसाच्या कुळातली आहे. नावे ठेवणाऱ्यांचा काय भरवसा धरावा! बायकामुले ती झाडांवरून ओढून काढीत, ढीग करून पाण्याने भिजवीत आणि कुजू देत. वरची करडी साल गळून जाई आणि आत घोड्याच्या केसासारखा काळाभोर, लवचीक धागा उरे. घरातल्या खुर्च्यांत आणि मोटारींच्या बैठकींत तो भरला जाई. ह्या मॉसमधल्या किड्यांनी फोर्डची गिऱ्हाइके हैराण झाली, अशी एक कथा मोटारशौकिनांत सांगतात. पण कुजवून, वाळवून, यंत्रातून पिंजून निघालेल्या धाग्यात किडा जिवंत राहील हे मला तरी पटत नाही.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना ही कृती वाचून हसू आले असेल. नारळाचे सोडण खाडीच्या पाण्यात कुजत घालायचे, महिनोनमहिने ठेवायचे, मग बडवून काथ्या काढायचा, ह्यात आणि त्या मॉसमध्ये फरक तो काय? आपल्याकडे बैठकीत जाई तो हा काथ्याच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली, तिचे वर्णन सर्वत्र असेच सापडते: लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर आणि आत काथ्याची आसने. जर्मनांनी त्याच काथ्याचे सोने केले. काथ्याला केसासारखाच पीळ देऊन, त्यावर रबराचा चीक फवारून, साच्यात भाजून ते गादी बनवीत. फोक्सवागेनच्या कासवगाडीत आणि मर्सिडीझच्या मोटारींत अशा गाद्या वर्षानुवर्षे होत्या. वारा आरपार खेळतो, घाम साचत नाही. मोडते ती फार वर्षांनी, आणि मोडली की भुसा होऊन खाली सांडते.

वरच्या कातड्याचीही कथा ऐकण्याजोगी आहे. खरे कातडे महाग, म्हणून सुती कापडावर लेप देऊन नकली कातडे केले गेले. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावी होणाऱ्या अशा मालाचे व्यापारी नाव होते रेक्झिन. आपण ते नाव असे उचलले की पुढे प्लास्टिकचे कापड आले तरी त्यालाही रेक्झिनच म्हणत राहिलो. हा जुना लेप कसला होता? स्फोटक कापसाचा सख्खा भाऊ शोभेल अशा नायट्रोसेल्युलोजचा, आणि तो तडकू नये म्हणून त्यात घातलेल्या एरंडेलाचा! दिवाळीत मुलांच्या हाती फटाके आणि पोटात एरंडेल ही जोडी घरोघर परिचयाची आहे. मोटारीच्या बैठकीवरही ती नांदत होती हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

मग आला फोम. १९२९ साली डनलॉप कंपनीच्या मर्फी ह्या शास्त्रज्ञाने रबराचा चीक अंडे फेसावे तसा फेसला आणि तो फेस थिजवून भाजला. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकूसेनला ऑटो बायर ह्यांनी पॉलियुरेथेन शोधले आणि १९५० नंतरच्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला. घोडा, ओक आणि माड तिघांचीही सुटी झाली. फोम स्वस्त, हलका, हव्या त्या आकाराचा. पण तो म्हातारा होतो तो एकाएकी. ऊन आणि वजन खाऊन खाऊन त्याच्या कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि पिवळी पूड पडू लागते.

आता जुन्या पिकअपची झिजलेली बैठक दुरुस्त करणे म्हणजे काय, ते पाहा. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शेव्हरोले आणि फोर्ड पिकअप लोक अजून जिवापाड सांभाळतात. त्यांत एकच लांब बाकासारखी बैठक असते. ती सगळी सारखी झिजत नाही. दाराकडची कड आधी जाते, कारण चालक चढता-उतरता तिच्यावरूनच घासत जातो. तिकडे डावी कड, आपल्याकडे उजवी. कित्येक जण वर नुसती जाड चादर टाकून वर्षे काढतात, जसे आपल्याकडचे चालक घोंगडी टाकतात. पण आतली स्प्रिंग मोडली असली तर घोंगडीने काय होणार?

खरी दुरुस्ती करणारा कारागीर आधी बैठक बोल्ट काढून बाहेर घेतो. आवरण तारेच्या लहान लहान कड्यांनी आतल्या चौकटीला जखडलेले असते. ह्या कड्यांना इंग्रजीत डुकराच्या कड्या म्हणतात, कारण डुकरांनी जमीन उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात घालायची कडी हीच. कड्या तोडल्या की थरांमागून थर निघतात: कापूस, गोणपाट, मग गंजलेल्या स्प्रिंगा. (आणि मध्येच हरवलेली नाणी, किल्ल्या, पेन्सिलीचे तुकडे!) फाटलेले जुने आवरण फेकायचे नसते, उसवून त्याच्याच तुकड्यांवरून नवे बेतायचे असते. मोडलेली स्प्रिंग बदलायची, बाकीच्या सुतळीने एकमेकींना बांधायच्या, त्यांवर नवे गोणपाट ताणून दाभणाने टाचायचे. हे गोणपाट काटकसर म्हणून गाळले तर स्प्रिंगा नव्या फोमला वर्षभरात कापून काढतात. फोम निवडताना दुकानदार बोटाने दाबून दाखवतो, त्याला भुलू नये. कडकपणा वेगळा आणि घनता वेगळी. घनमीटरला ४० किलो किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम टिकतो, हलका फोम कितीही कडक लागला तरी लवकर बसतो. शेवटी नवे रेक्झिन उन्हात तापवून नरम करायचे आणि गरम असतानाच ओढून बसवायचे, म्हणजे सुरकुती राहत नाही.

दुसरा मार्ग भंगारातून दुसऱ्या गाडीची बैठक आणून बसवण्याचा. तो सोपा दिसतो, पण भोके जुळत नाहीत, उंची जुळत नाही, गुडघा चक्राला लागतो किंवा डोके छपराला. पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला आणि गाडी कुठे आदळली, तर बैठक चालकासकट पुढे येते. म्हणून मूळची चौकट शाबूत असेल तर दुरुस्तीच बरी, असे माझे मत.

हा सगळा खटाटोप केवळ डौलासाठी नव्हे. बसलेल्या माणसाच्या पाठीला सेकंदाला चार ते आठ ह्या गतीने बसणारे उभे हादरे सर्वांत अधिक बाधतात. त्या गतीला कणा आणि पोटातले अवयव जणू स्वतःच डोलू लागतात. आणि स्प्रिंगा-फोमची साधी बैठक स्वतः झुलते ती नेमकी ह्याच गतीच्या आसपास! म्हणजे मऊ गादी कित्येकदा हादरा कमी न करता वाढवते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलवॉकीच्या बॉस्ट्रम कंपनीने ट्रॅक्टर आणि ट्रकांसाठी खालून झेलणारी वेगळी बैठक काढली. ती ह्या गतीच्या बरीच खाली झुलते, म्हणून पाठ वाचते. अशा हादऱ्यांचे मोजमाप कसे करावे ह्याचे आंतरराष्ट्रीय मानक मात्र निघाले ते १९७४ साली. ट्रक रस्त्यावर येऊन तोवर पाऊणशे वर्षे लोटली होती. तेवढ्या काळात किती पाठी गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मालाचा मात्र पै-पैचा होता.

काथ्याची गोष्ट अजून संपलेली नाही. १९९० नंतर ब्राझीलमध्ये मर्सिडीझच्या ट्रकांसाठी पुन्हा नारळाच्या सोडणाकडे लक्ष गेले. ॲमेझॉनच्या मुखावरच्या माराझो बेटावरील शेतकऱ्यांकडून काथ्या घेऊन, त्याला रबराचा चीक लावून डोके टेकायच्या उशा बनू लागल्या, आणि २००१ साली बेलेम शहराजवळ त्याचा कारखानाच उभा राहिला. नारळ तिकडचा, चीकही तिकडच्याच रानातल्या झाडाचा. पीळ देण्याची युक्ती मात्र घोडागाडीवाल्यांची.