कानानं पाहिलेला टीव्ही

संक्रांतीला आमच्या बचत गटाचं हळदीकुंकू झालं. वाण म्हणून चहाची गाळणी दिली, तिळगूळ दिला, उखाणे झाले. तेवढ्यानं वेळ जाईना, म्हणून गटातल्या दोघी-तिघी कॉलेजच्या पोरींनी एक खेळ काढला. जुन्या मालिकेची खूण सांगायची आणि बाकीच्यांनी नाव ओळखायचं. आज त्या खेळाचीच गोष्ट सांगायची आहे. आम्ही तो करमणूक म्हणून मांडला होता आणि त्यातून आमच्याच घरांचा इतिहास निघत गेला.

सुरुवात काही बरी झाली नाही. पोरींनी पुस्तकातून प्रश्न काढून आणले होते. पहिला असा, "मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगायची, पुढं सिनेमात मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणारी बाई झाली. कोण?" सगळ्या गप्प. उत्तर होतं स्मिता पाटील. 'उंबरठा', 'जैत रे जैत', 'मिर्च मसाला' यांतली स्मिता पाटील सगळ्यांना माहीत होती, पण तिला बातम्या देताना पाहिलेली एकही बाई आमच्यात नव्हती. असणार कुठून? मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभा राहिला, पण तो पुण्यासाठी. ७२ साल म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांना दुष्काळच आठवतो, खडी फोडायची कामं आणि सुकडी आठवते. टीव्ही हा शब्दसुद्धा तेव्हा माण-खटावात आणि आटपाडी-जतेत पोचला नव्हता.

आमच्या भागात टीव्ही खऱ्या अर्थानं आला तो १९८४ च्या पुढं. त्या वर्षी सरकारनं देशभर लहान ताकदीची प्रक्षेपण केंद्रं उभारायचा धडाका लावला. काही महिने तर जवळजवळ रोज एक केंद्र सुरू होत होतं. अशा केंद्राचा आवाका वीस-पंचवीस किलोमीटरचा. मध्ये डोंगर आला की चित्राच्या जागी मुंग्या. मग एकजण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, दुसरा अंगणातून ओरडायचा, "आलं, आलं… गेलं!" लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची. काळ्या-पांढऱ्या पडद्यापुढं निळी काच लावून रंगीत झाल्याचं समाधान मानणारेही होते. हे सगळं सांगायला लागल्यावर बायका खुलल्या, आणि पोरींनी पुस्तक मिटलं. आता खुणा बायकाच घालायला लागल्या.

पहिली खूण एका आजींची. "तीन बहिणी. एकीलाही धड नाव न्हाई. थोरली, मधली, धाकटी. आन शेवटाला एक म्हातारा यिऊन आमास्नी शानपन शिकवायचा." तुम्हीही ओळखलं असेल, 'हम लोग'. बडकी, मझली, छुटकी आणि शेवटी येऊन बोलणारे अशोक कुमार. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ही मालिका मनोहर श्याम जोशींनी लिहिली. कल्पना मेक्सिकोतून आली होती. तिकडं मालिकांमधून प्रौढ शिक्षण आणि कुटुंबनियोजनाची गोष्ट लोकांपर्यंत नेत होते. आपल्याकडंही मुलींचं शिक्षण, दारू, लहान कुटुंब हे विषय त्यात घातले आणि लोकांनी पत्रांचा ढीग पाडला.

पण आजींचं त्यापुढचं बोलणं आम्हाला जास्त मोलाचं वाटलं. त्यांना हिंदी येत नव्हतं. "तोंडाकडं बगायचं आन वळखायचं, ही सासू, ही सून, ह्यो दारुडा." म्हणजे तेव्हा ओळखायची होती ती आख्खी गोष्टच! एक बाई एक अर्थ लावायची, शेजारीण दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर वाद व्हायचा. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या की आम्हाला हिंदी टीव्हीनंच शिकवलं. तिसरी म्हणाली की मला अजून येत नाही, पण 'हम लोग' पूर्ण सांगते. आणि तिनं सांगितलं, त्यातलं निम्मं तिचं स्वतःचं होतं.

मग एका काकूंनी खूण घातली. "ज्याचा नुसता आवाज यायचा. मानूस कदी दिसायचा न्हाई."

हे 'महाभारत'. त्यात काळ बोलतो, म्हणजे समय. तो आवाज हरीश भिमानी यांचा. संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते. २ ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०, रविवारी सकाळी, ९४ भाग. पोरी म्हणाल्या, काकू, सोपं होतं. पण काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तर सगळ्यांचाच नुसता आवाज यायचा."

रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात गाव भरायचं. पुढं घरातले पुरुष, त्यांच्यामागं गावातले, पोरंसोरं जमिनीवर, म्हाताऱ्या बायका दाराशी. काकू तेव्हा नव्या सूनबाई. चूल आतल्या घरात, भाकरी थापायची वेळ तीच आणि वर आलेल्यांना चहा. दोन वर्षं त्यांनी महाभारत भिंतीपलीकडून ऐकलं. कर्णाचा आवाज, शकुनीचा आवाज, द्रौपदीचा आवाज सगळे पाठ. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा भाग लागला तेव्हा सोपा एकदम शांत झाला. काकू पीठानं भरलेल्या हातांनी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि कुणी त्यांना आत जा म्हटलं नाही. तेवढा एक भाग त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आता मोबाइलवर सगळे भाग मिळतात, नातू लावून देतो. पण काकू म्हणाल्या, चेहरे बघितले की आवाज परके वाटतात.

मग आम्ही एकेकीला विचारत गेलो, तुम्ही कुठं बसून बघायचात? असा प्रश्न आधी कधी कुणी विचारला नव्हता. कुणी दाराआडून बघायची, कुणी शेजारच्या खिडकीतून. एकीनं सांगितलं की तिच्या गावात टीव्ही ग्रामपंचायतीत होता आणि बायकांनी तिथं जायचं नाही असा रिवाज होता. एक मात्र ऐटीत म्हणाली, "आमचाच टीव्ही होता, शटरचा. किल्ली सासूबाईंच्या कमरेला." त्या घरात सासऱ्यांनाही विचारूनच बातम्या बघाव्या लागत! आमच्या ध्यानात आलं की साठीच्या पुढच्या बायकांच्या बहुतेक खुणा कानाच्या आहेत. शीर्षकगीत, आवाज, शंखाचा नाद. चाळिशीच्या बायकांच्या खुणा डोळ्यांच्या. साडी, घर, केसांची बट. त्या दोन पिढ्यांच्या मध्ये कधीतरी बाई चुलीपासून उठून टीव्हीसमोर येऊन बसली.

'रामायणा'ची खूण तर सगळ्यांनीच एकदम ओळखली. १९८७ चा जानेवारी, रविवारची सकाळ, टीव्हीला हार आणि उदबत्ती. इथं सांगलीकर बायकांनी आमचा कान पकडला. रामायण लोकांपुढं मांडायचा पहिला मान सांगलीचा! १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानात 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात. मान दिला. पण त्या काळी सीतेचं कामही पुरुषच करत, हे आम्ही हळूच सांगितलं.

पुढची खूण एका ताईची. "धुण्याची पावडर विकणारी बाई पोलीस झाली." थोडा वेळ लागला, मग दोघी एकदम ओरडल्या, 'उडान'! जाहिरातीतली ती हिशेबी ललिताजी म्हणजे कविता चौधरी. तिनंच 'उडान' लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीचं कामही केलं. १९८९ च्या सुमाराची मालिका. गोष्ट तिच्या सख्ख्या बहिणीवरून घेतलेली. कांचन चौधरी भट्टाचार्य पोलीस अधिकारी झाल्या आणि २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाच्या सर्वोच्च पदावर बसणारी देशातली पहिली बाई.

खूण घालणाऱ्या ताई तेव्हा दहावीत होत्या. मालिका बघून त्यांनी पहाटे पळायला सुरुवात केली होती, मैत्रिणीला सोबत घेऊन, शेताच्या बांधानं. दोन महिने पळाल्या. मग लग्न ठरलं. ताईंनी हे रडून सांगितलं नाही, हसूनच सांगितलं, पण "कोणत्या महिन्यात थांबलात?" असं एका पोरीनं विचारलं तर त्यांनी तारीख सांगितली.

'रजनी'ही निघाली. १९८५ ची मालिका, प्रिया तेंडुलकर. गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला, ऑफिसातल्या साहेबाला उभं करून जाब विचारणारी साधी गृहिणी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर चिडून निषेध केला होता. पुढच्याच वर्षी, १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो रजनीमुळं झाला असं आम्ही म्हणणार नाही, पण रेशनच्या दुकानात भांडणाऱ्या बाईला गावात "रजनी आली" म्हणायचे, ते बऱ्याच जणींना आठवलं. म्हणणारे टोमणा म्हणून म्हणायचे. ऐकणाऱ्या बाईला ते लागायचं का? एक मावशी म्हणाल्या, "छे! मी अजून जोरात भांडायची."

मराठी मालिका आल्या तसा खेळ सोपा होत गेला. 'चिमणराव'मधले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे, ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', 'दामिनी'तली पत्रकार प्रतीक्षा लोणकर, ही उत्तरं पटापट आली. हे सगळे मराठी बोलायचे खरे, पण पुण्या-मुंबईचं. आपली बोली टीव्हीवर यायची ती बहुतेक गड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडी, हसू यावं म्हणून. २०१७ ला 'लागिरं झालं जी' आली तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा जाणवली. चित्रीकरण साताऱ्याकडचं, लेखक तेजपाल वाघ, नायक फौजेत जायला निघालेला पोरगा. ज्या जिल्ह्यात गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागतं, अपशिंगे मिलिटरी, तिथं ही गोष्ट नवी नव्हती. नवं होतं ते नायक-नायिकेचं आपल्यासारखं बोलणं. हम लोगवाल्या आजी म्हणाल्या, "त्या वक्ताला पयल्यांदा मला वळखाय लागलं न्हाई. सगळं कळलं."

शेवटची खूण मात्र कुणालाच येईना. घातली जत तालुक्यातल्या एका साठीजवळच्या मावशींनी. "जतला टीव्ही नव्हता, सांगलीला नव्हता, तेव्हा मी बघितला. मामाच्या गावाला, विजापूरकडं. शाळेच्या आवारात. सगळं कानडीत. शाळेवर कोंबड्यांच्या जाळीची ही एवढी मोठी छत्री होती. आणि एक दिवस सगळं बंद पडलं."

आम्ही हसलो. साल विचारलं तर म्हणाल्या, मी तिसरीत होते. हिशेब केला तर १९७५ येतं. पुण्याच्या पलीकडं टीव्ही नव्हता आणि विजापूरच्या खेड्यात होता? मावशी गप्प बसल्या. नंतर कळलं की लग्न झाल्यापासून त्या हे सांगत आहेत आणि सासरी त्यांना "छत्रीवाली" म्हणून चिडवतात.

घरी येऊन आम्ही शोधाशोध केली आणि मावशी खऱ्या निघाल्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर एक वर्ष भारतानं एक प्रयोग केला होता. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी मागून घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट आकाशातून टीव्ही दाखवला. इंग्रजीत त्याला 'साइट' म्हणत. खेडी मुद्दाम मागास भागातली निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, कर्नाटक होता, आणि कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजनाचे कार्यक्रम. संच सगळ्या गावाचा मिळून एक, बहुधा शाळेत किंवा पंचायतीत. आणि उपग्रहाचे संदेश धरायला दहा फूट रुंदीची छत्री, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. मुदत संपली, अमेरिकेनं उपग्रह परत नेला, पडदे काळे झाले. मावशींचा "एक दिवस" म्हणजे ३१ जुलै १९७६.

पुढच्या मासिक सभेला आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. मावशींनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाल्या, "हे कागद मला द्या. सासूबाई गेल्या, पण नणंद आहे अजून."

आता त्यांच्या खुणेचा अर्धा भाग बाकी आहे. त्यांना आठवतो एक बाहुल्यांचा खेळ. त्यात एक म्हातारी बाहुली विहिरीतलं पाणी पिऊ नका म्हणून ओरडायची आणि गावातली सगळी पोरं तिची नक्कल करायची. त्या खेळाचं नाव त्यांना सांगता येत नाही. मुंबई-दिल्लीच्या जुन्या कार्यक्रमांच्या टेपासुद्धा त्या काळी महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, तेव्हा ही बाहुली कुठं शिल्लक असेल असं वाटत नाही. पण जत, उमदी, संखच्या बाजूला विजापूरकडून सून म्हणून आलेल्या पुष्कळजणी आहेत. तुमच्यातली कुणी १९७५ साली सात-आठ वर्षांची होती का? होती, तर ती म्हातारी बाहुली काय ओरडायची ते कानडीतच आम्हाला कळवा. मावशींना ते शब्द निम्मेच आठवतात.