सोने शुद्ध सापडते, अ‍ॅल्युमिनियम का नाही?

पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक प्रमाणात असलेला धातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. कवचाच्या वजनात त्याचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. तरीही सोन्याप्रमाणे त्याचे कण नदीच्या वाळूत सापडत नाहीत. सोन्याचे दागिने माणूस हजारो वर्षे घालत आला. अ‍ॅल्युमिनियम मात्र त्याच्या हाती प्रथम आले ते १८२५मध्ये, डेन्मार्कमधील हान्स ओर्स्टेड यांच्या प्रयोगशाळेत.

याचे कारण मूलद्रव्यांच्या स्वभावात दडलेले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या अणूच्या बाह्य कक्षेत तीन इलेक्ट्रॉन असतात. ते देऊन टाकण्याकडे या अणूचा कल असतो आणि ते स्वीकारणारा ऑक्सिजन निसर्गात सर्वत्र आहे. या संयोगात मोठ्या प्रमाणावर ऊर्जा बाहेर पडते व तयार होणारे ऑक्साइड अत्यंत स्थिर असते. सोडियम व पोटॅशियम तर याहून क्रियाशील. ते हवा आणि पाण्यापासून दूर, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. याउलट सोने व प्लॅटिनम आपले इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाहीत, म्हणून ते शुद्ध रूपात टिकून राहतात. चांदी आणि तांबे यांच्या मधले. ते कधी शुद्ध, तर बहुधा संयुगांच्या रूपात आढळतात.

अ‍ॅल्युमिनियमचे प्रमुख खनिज बॉक्साइट होय. उष्ण प्रदेशातील भरपूर पावसात खडकांमधील विरघळणारे घटक वाहून जातात. अ‍ॅल्युमिनियम व लोह यांची संयुगे मागे उरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील जांभ्या खडकाच्या पठारांवर आढळणारे बॉक्साइट असेच तयार झाले आहे. मात्र लाखो वर्षांच्या या प्रक्रियेनंतरही हाती येते ते संयुगच, धातू नव्हे.

ऑक्सिजनची ही मिठी सोडविणे खर्चिक असल्याने एकोणिसाव्या शतकात अ‍ॅल्युमिनियमची गणना मौल्यवान धातूंत होत असे. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर १८८४मध्ये सुमारे २.८ किलो वजनाचे अ‍ॅल्युमिनियमचे टोक बसविण्यात आले. दोनच वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू या तरुणांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली. सुमारे २,००० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारे ऑक्साइड वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवले, तर सुमारे ९५० अंशांवर त्यातून वीज सोडून धातू वेगळा करता येतो. त्यानंतर हा धातू झपाट्याने स्वस्त झाला आणि यथावकाश घरोघरच्या भांड्यांपर्यंत पोहोचला.

आजही हीच पद्धत वापरली जाते. एक किलो अ‍ॅल्युमिनियमसाठी साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. जुने भांडे किंवा डबा वितळवून पुन्हा धातू मिळविण्यास मात्र खनिजापासून तो मिळविण्याच्या तुलनेत जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते, कारण ऑक्सिजनपासून त्याची सुटका आधीच झालेली असते. भंगारात दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे खरे मोल आहे ते या वाचलेल्या विजेत.