शिकणाऱ्यातून शिकवणारा

पियानो किंवा व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने शिकणारी मुले आता मुंबईत, पुण्यात आणि गोव्यात पुष्कळ आढळतात. त्यांतील कित्येक लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांना बसतात. पहिल्या पाच श्रेणी हाताच्या सरावावर निभावून जातात. पण सहाव्या श्रेणीच्या वादनपरीक्षेला बसायचे तर बहुतेकांना आधी पाचव्या श्रेणीची संगीतशास्त्राची परीक्षा द्यावी लागते. मग आईबापांची धावपळ सुरू होते. वाजवायला शिकवणारे भेटतात, शास्त्र उलगडून सांगणारा भेटत नाही. आणि भेटलाच तर त्याची फी ऐकून माणूस परत फिरतो.

मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने या विषयावर का बोलावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा शोध मुळात कामगारांनी केलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गिरणीतला विणकर आणि खाणीतला मजूर स्वरलिपी शिकवणारा शिक्षक शोधत होता. त्याला तो कसा मिळाला, हा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे.

त्या काळी संगीताचे लेखन पाच रेघांवर होई. ती लिपी वाचायला शिकवणारे शिक्षक श्रीमंतांच्या घरी जाऊन पियानो शिकवीत. मजुराला गाण्याची हौस नव्हती असे नाही. प्रार्थनामंदिरात तो गातच असे. पण कानाने ऐकून. नवे गीत हाती पडले तर ते वाचून गाणे त्याला साधत नसे.

1841 हे वर्ष या कामी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जॉन हल्ला याने सरकारी शिक्षणखात्याच्या पाठिंब्याने लंडनमध्ये शाळामास्तरांसाठी गायनाचे वर्ग उघडले. जोसेफ मेन्झर हा जर्मन गृहस्थही त्याच सुमारास इंग्लंडात आला. पॅरिसमध्ये मजुरांना गाणे शिकवण्याचे त्याचे वर्ग होते. पण मजूर मोठ्या संख्येने एकत्र जमतात हेच तिथल्या सरकारला खुपले आणि ते बंद पडले. इंग्लंडात मात्र त्याच्या वर्गांना मोठी गर्दी लोटली.

पण गर्दी जमली म्हणजे विद्या आली असे होत नाही. हल्लाच्या पद्धतीत एक दोष होता. तिच्यात 'डो' म्हणजे पियानोवरचा एक ठरलेला स्वर. गीत त्या स्वरावरून सुरू होईतोवर सारे सुरळीत चाले. गाण्याची पट्टी बदलली की शिकणारा गोंधळून जाई. आपल्याकडे गायक गळ्याला मानवेल ती पट्टी धरतो आणि तिलाच षड्ज म्हणतो. काळी एक असो की पांढरी चार, सा तो साच. आपल्याला इतकी सहज वाटणारी ही गोष्ट तिकडच्या वर्गात हरवली होती.

ती परत आणली नॉर्विच गावच्या सेरा ग्लोव्हर या बाईंनी. धर्मोपदेशकाची ही मुलगी मुलांना प्रार्थनागीते शिकवी. स्वरांची शिडी काढून, सरकत्या 'डो'च्या आधाराने शिकवण्याची पद्धत तिने बसवली आणि 1835 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. 1841 मध्ये जॉन कर्वेन या तरुण धर्मोपदेशकावर रविवारच्या शाळांसाठी गाणे शिकवण्याची सोपी रीत शोधण्याचे काम आले. त्याला स्वतःला स्वरलिपी धड वाचता येत नव्हती. ग्लोव्हरबाईंचे पुस्तक वाचून तो आधी स्वतः शिकला, मग त्यात आपल्या मतीने फेरफार करून त्याने 'टॉनिक सोल-फा' ही पद्धत उभी केली. ज्याला शिक्षक मिळाला नाही तोच इथे शिक्षक झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पद्धत अशी. सात स्वरांची सात नावे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर हीच लिपी. सातव्या स्वराला पूर्वी 'सी' म्हणत. पण त्याचे आद्याक्षर पाचव्या 'सो'सारखेच येई, म्हणून तो 'टी' झाला. काल दाखवायला विसर्गासारखी दोन टिंबे, पूर्णविराम, स्वल्पविराम आणि आडव्या रेघा. भिंतीवर स्वरशिडीचा तक्ता टांगायचा आणि काठीने स्वर दाखवीत वर्गाकडून गाऊन घ्यायचे. पुढे 1870 च्या सुमारास हाताच्या खुणाही आल्या. वाद्य नको, पियानो नको.

या लिपीची खरी करामत छापखान्यात होती. पाच रेघांचे संगीत छापायला खास खिळे आणि खास कारागीर लागत. सोल-फा मात्र वर्तमानपत्राचे खिळे असलेल्या कुठल्याही छापखान्यात जुळवता येई. त्यात 1861 मध्ये कागदावरचा कर उठला. ज्ञानावरचे हे कर उठवावेत म्हणून चाललेल्या चळवळीत आल्फ्रेड नोव्हेलो हा संगीताचा प्रकाशक पुढे होता. पत्रके स्वस्त झाली आणि मजुराच्या खिशात गीत आले.

तरीही शिक्षकाचा प्रश्न उरलाच. तो कर्वेनने परीक्षेच्या मार्गाने सोडवला. प्राथमिक, मध्यम आणि वरचे अशी प्रमाणपत्रे त्याने ठरवली. न पाहिलेले गीत समोर ठेवल्यावर ते वाचून गाता आले पाहिजे, ही कसोटी. प्रमाणपत्र मिळालेला मनुष्य आपल्या गल्लीत नवा वर्ग काढी. असे वर्ग चालवणारे पुष्कळजण पगारी शिक्षक नव्हते. दिवसा काम आणि संध्याकाळी फळ्यापुढे उभे राहणे हा त्यांचा क्रम. 1853 मध्ये या मंडळींची संघटना झाली, 1869 मध्ये त्यांचे कॉलेज निघाले आणि दूरच्या विद्यार्थ्यांना टपालाने स्वरसंवादाचे धडे जाऊ लागले. परीक्षा म्हणजे गाळून टाकण्याची चाळणी असे आपण धरून चालतो. या लोकांनी ती शिक्षक तयार करण्याची रीत म्हणून वापरली.

परिणाम काय झाला? दक्षिण वेल्समधल्या खाणकामगारांचा आणि लोखंडाच्या कारखान्यांतल्या मजुरांचा एक मोठा गायकसमूह 1872 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेला गेला. गाणारे साडेचारशेच्या आसपास. त्यांचा नेता कॅराडॉग हा मूळचा लोहार. त्या वर्षी समोर कुणी प्रतिस्पर्धीच नव्हता, म्हणून विजयाची किंमत कमी धरली गेली. 1873 मध्ये ते पुन्हा गेले आणि लंडनच्या नावाजलेल्या समूहाला हरवून परतले. यांतील अनेकांची संगीताशी अक्षरओळख सोल-फातूनच झाली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. मजुरांना गाणे शिकवावे म्हणून ज्यांनी पैसे दिले, त्या कारखानदारांचा आणि धर्मोपदेशकांचा हेतू निव्वळ विद्यादानाचा नव्हता. मनुष्य गाण्यात रमला तर गुत्त्यावर जाणार नाही, आणि सभेलाही जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. दुसरे असे की, कर्वेनने आरंभी सोल-फा ही पाच रेघांच्या लिपीकडे नेणारी पायरी मानली होती. 1872 मध्ये मात्र त्याने आपल्या अभ्यासक्रमातून ती लिपीच वगळली. त्यामुळे सोल-फावर वाढलेला गायक वाद्यवृंदाच्या संगीतापाशी येऊन थबके. गरिबांसाठी केलेली शिडी एकाच मजल्यापर्यंत गेली. वरच्या मजल्याची किल्ली पूर्वीच्याच हातांत राहिली. 1889 मध्ये स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा पाच रेघांच्या लिपीतल्याच होत्या. सोपे करून सांगणे आणि कमी सांगणे यांत फरक आहे, तो इथे सुटला.

पण दिलेल्या विद्येचा उपयोग देणाऱ्याच्या हेतूप्रमाणेच होतो असे नाही. मिशनऱ्यांनी सोल-फा आफ्रिकेत नेली ती प्रार्थनागीतांसाठी. जोहान्सबर्गजवळच्या एका मिशन शाळेत एनॉक सोंटोंगा नावाचा आफ्रिकी मास्तर होता. त्याने 1897 मध्ये एक गीत रचले आणि त्याची चाल सोल-फाच्या अक्षरांत लिहिली. तो 1905 मध्ये वारला. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांची जी राष्ट्रीय काँग्रेस स्थापन झाली, तिच्या सभेत ते गीत गायले गेले. पुढे ते वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याचे गीत झाले आणि 1997 पासून त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. माणसे शांत बसावीत म्हणून जी लिपी पसरली, तिच्यातच उठणाऱ्या माणसांचे गाणे लिहिले गेले.

आपल्या महाराष्ट्राला ही वाट परकी नाही. पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गायकाबरोबर गायन शिकवणारा उपदेशक तयार करणे हेही त्यांचे ध्येय होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही त्यांच्या शिष्यांतील नावे. भातखंड्यांना तर शास्त्र सांगणारा गुरू हवा होता. त्यासाठी त्यांनी देश पालथा घातला. 1904 मध्ये ते दक्षिणेत जाऊन तिथल्या पंडितांना भेटले. जे मिळाले ते त्यांनी घरात कुलूपबंद ठेवले नाही. गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात, मराठीत, हिंदुस्थानी संगीतपद्धतीचे चार भाग त्यांनी लिहिले. घरी गुरू नसलेल्या माणसाला पुस्तकातला गुरू मिळावा, अशीच ती मांडणी आहे.

तेव्हा आज शास्त्राचा शिक्षक शोधणाऱ्या आईबापांना माझे सांगणे इतकेच. एकट्याने शोधू नका. आपल्याच गावात गेल्या वर्षी ती परीक्षा उत्तीर्ण झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. चार घरे एकत्र करा, फळा आणा, आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला उभे करा. जिथे तो अडेल तिथे जाणत्या शिक्षकाला महिन्यातून एकदा बोलवा. चार घरांत ती फी जड नाही. शिकवताना त्या मुलाचे शास्त्र पक्के होईल, आणि पुढल्या वर्षी या चौघांपैकी एक जण फळ्यापुढे उभा राहील. मात्र त्याच्याकडून एक वचन घ्यावे: सोपे करून सांग, पण वरचा जिना काढून टाकू नकोस.